फ्रीजमधली किल्ली

प्रिय पोट्ट्या,

तुझ्या विनोदी मालिकेची संहिता दोनदा वाचली. एकदा दुपारी, एकदा लाइन गेल्यावर मोबाईलच्या उजेडात. दुसऱ्यांदा जास्त हसलो. पण तू जिथे हसवायला गेलास तिथे नाही. पान 9 वर मुंबईचा लाइटमन विचारतो, "तुमच्याकडे सूर्य किती वाजता येतो?" आणि गावातला स्पॉटवाला पोरगा म्हणतो, "सरपंचाले इचारून सांगतो." तिथे हसलो. ते वाक्य तू घाईत लिहिलं असशील.

मालिकेचं युनिट गावात मुक्कामाला येतं, ही कल्पना चांगली आहे. पण तुझा नायक दिग्दर्शक आहे आणि तो पहिल्या पानापासून ओरडतो. ओरडणारा माणूस दोन मिनिटं गमतीचा वाटतो, मग टीव्हीचा आवाज कमी करावासा वाटतो. त्याला मागे ढकल. तो वॉकीटॉकीवरच ऐकू येऊ दे, एका नटाचा खर्चही वाचेल.

मी साउंडला होतो तेव्हाची एक गोष्ट सांगतो. घरात शूटिंग असलं की फ्रीजची घरघर माइकमध्ये येते, म्हणून फ्रीज बंद करतात. पॅकअपला तो चालू करायचं सगळे विसरतात, आणि सकाळी घरमालकाचं दूध नासलेलं असतं. म्हणून साउंडवाला आपल्या गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवतो. ती काढायला गेलं की फ्रीज आठवतो. जुनी युक्ती आहे. एकदा मीही ठेवली. घरातल्या आजीनं पाणी घ्यायला फ्रीज उघडला, किल्ली पाहिली, कोणीतरी विसरलं म्हणून उचलून देवघरात ठेवली आणि झोपून गेली. रात्री साडेअकराला आम्ही 14 माणसं वांग्या-कोथिंबिरीत किल्ली शोधत होतो. शेवटी कोणाला तरी सुचलं, आजीला विचारा. मग खरी गंमत सुरू झाली. आजीला उठवणं हे काम कोणाचं? एडी, म्हणजे सहाय्यक दिग्दर्शक, म्हणाला, लोकेशन प्रॉडक्शनचं, आजी लोकेशनमध्ये येते. प्रॉडक्शनवाला म्हणाला, किल्ली साउंडची. आर्टवाल्यानं तर आधीच सांगून टाकलं की देवघराला त्यानं हात लावलेला नाही, ते पहिल्यापासून असंच आहे. वीस मिनिटं हे कुजबुजत चाललं, कारण आजी झोपली होती.

तुझी मालिका इथे आहे, "हे माझं काम नाही" या वाक्यात. युनिटमधला प्रत्येक जण आपल्या वीतभर कामाबद्दल कमालीचा गंभीर असतो आणि शेजारच्याच्या कामाला हात लावणं त्याला पाप वाटतं. खुर्ची आर्टची की प्रॉडक्शनची, हे फ्रेममध्ये दिसते की नाही यावर ठरतं. कॅमेरा जरा फिरवला की त्याच खुर्चीचा मालक बदलतो. असले नियम गोळा कर. अकरा पात्रं कशाला? पाच पुरेत: प्रॉडक्शन, साउंड, लाइट, मेकअप आणि गावातला तो पोरगा, ज्याला कोणाचं काम कोणतं हेच माहीत नाही आणि म्हणून जो सगळ्यांची कामं करून टाकतो. भांडणं त्याच्यामुळेच लागतील.

तू माहितीपटाचा बाज घेतलास, पात्रं मधूनच कॅमेऱ्याकडे बघतात. ऑफिसमधल्या कारकुनाच्या कथेत हे शोभतं, त्याला कॅमेऱ्याची सवय नसते. पण ही माणसं कॅमेऱ्यावरच पोट भरतात. ती लाजणार नाहीत, सल्ले देतील. लाइटमन मुलाखत देता देता थांबेल आणि म्हणेल, "तुमचा व्हाइट बॅलन्स गेला, साहेब." मेकअपवाली आधी मुलाखत घेणाऱ्याच्या कपाळावरचा घाम टिपेल. हे तुझ्या संहितेत कुठेच नाही, आणि मला तर सगळ्यात जास्त हेच पाहायचं होतं.

आता खर्चाचं. तुझ्या गोष्टीतलं युनिट जी मालिका बनवतं ती आपल्याला कधीच दाखवू नको. वाड्याचा दिवाणखाना उभा करायला पैसे लागतात. त्याची मागची बाजू म्हणजे न रंगवलेली प्लाय, टेकू, वाळूच्या पिशव्या आणि खडूनं लिहिलेले आकडे. ती तुला गावच्या सुताराकडून एका दिवसात मिळेल. पलीकडून फक्त सासूचा आवाज येऊ दे.

जागा म्हणून जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, म्हणतोस ते बरोबर, पण महिना चुकलाय. मे महिन्यात तिथला टिनाचा शेड म्हणजे भट्टी. जुलैत त्याच टिनावर पाऊस पडला की शेजारी उभ्या माणसाचा संवाद ऐकू येत नाही. दिवाळीनंतर कापूस येतो, मग मालक तुला फाटकाच्या आत घेणार नाही. पोळा झाला की पाऊस ओसरायला लागतो आणि सोयाबीन काढायला अजून वेळ असतो. तेवढ्या दिवसांत उरकून टाक. एकदा थ्रेशर सुरू झाले की साउंडही मिळत नाही आणि माणसंही. आणि शेडमधली रुई, म्हणजे उरलेला कापूस, आधी झाडून काढ, ती लगेच पेट घेते, पाणी-वाळूच्या बादल्या भरून ठेव. हॅलोजन लावूच नको, एलईडी लाव. फोनवर शूट करणार असशील तर सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 वर ठेव. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, नाहीतर पडद्यावर ट्यूबलाइट लुकलुकत राहते. फोनचा माइक मात्र वापरू नको. कॅमेरा उसना आण, माइक विकत घे. (साउंडवाला आहे, असं म्हणणारच.)

नटांसाठी पुण्या-मुंबईकडे बघू नको, गडचिरोलीतल्या वडशाला जा. झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या रंगभूमीची, मंडळी दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटकं करतात, हजारो लोकांसमोर, मध्येच माइक गेला तरी. पोळ्याच्या सुमारास त्यांचा हंगाम सुरू झालेला नसतो. 2023 मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं की असं काही आहे. तुला तर लहानपणापासून माहीत आहे. एकच कर, त्यांना आवाज खाली आणायला वेळ दे. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय आहे, माइक तोंडापाशी आला म्हणून ती एका दिवसात जात नाही.

भाषेबद्दल थोडं भांडायचं आहे. तू प्रत्येक वाक्याला "बे" लावलास. तुझी आई असं बोलते का? त्यापेक्षा हा प्रसंग लिही: युनिट गावातल्या मास्तरांना "भाषा तपासायला" बोलावतं. मास्तर म्हणतात, "आमी असं बोलत नाही गा." लेखक म्हणतो, "चॅनेलला असंच पाहिजे." संध्याकाळपर्यंत मास्तर स्वतःच तसं बोलायला लागतात आणि घरी बायको विचारते, "काय होऊन राहिलं तुमाले?"

पैशाचं एकच सांगतो. मला एका मालिकेचे पैसे 90 दिवसांनी मिळायचे होते, ते आठ महिन्यांनी मिळाले, तेही कापून. तू कोणाशी असं करू नको. जमत नसेल तर सहाऐवजी दोनच भाग कर, बारा-बारा मिनिटांचे, पण शेवटच्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांचे पैसे हातात दे.

रविवारी ये. आजीचा प्रसंग हवा तर घे, पण किल्ली सापडायच्या आधी थांब. आणि येताना जिनिंगच्या शेडमध्ये रात्री फोन ठेवून दोन मिनिटं शांतता रेकॉर्ड करून आण, कुत्री किती भुंकतात ते ऐकू दे मला.

तुझा,
काका