वाचक विचारतात : 'बाय' की 'टिल', 'सिन्स' की 'फॉर'?

प्रश्न : ऑफिसात ग्राहकांना मेल लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. 'शुक्रवारपर्यंत कागदपत्रं पाठवा' यासाठी मी 'प्लीज सेंड द डॉक्युमेंट्स टिल फ्रायडे' असं लिहिलं. सहकारी म्हणाल्या, 'बाय फ्रायडे' हवं. शब्दकोशात तर दोन्हींपुढे 'पर्यंत'च दिलंय. (एक वाचक, सांगली)

उत्तर : सहकाऱ्यांचं बरोबर आहे. मराठीतला 'पर्यंत' दोन वेगळी कामं करतो आणि इंग्रजीत त्यांना दोन वेगळे शब्द लागतात. 'शुक्रवारपर्यंत थांबा' म्हटलं की थांबणं मधले सगळे दिवस चालू राहतं. तिथं 'टिल' किंवा 'अनटिल'. 'शुक्रवारपर्यंत पाठवा' यात पाठवणं एकदाच घडतं, शुक्रवार ही नुसती मुदत असते. तिथं 'बाय'. तुमच्या वाक्याचा अर्थ 'शुक्रवार उजाडेपर्यंत पाठवतच राहा' असा होतो.

शंका आली की 'पर्यंत' काढून 'येईस्तोवर' घाला आणि वाक्य वाचा. 'शुक्रवार येईस्तोवर थांबा' हे कानाला बरोबर वाटतं, म्हणून 'टिल'. 'शुक्रवार येईस्तोवर पाठवा' खटकतं, म्हणून 'बाय'.

नकारार्थी वाक्यात मात्र जपून. 'आय वोन्ट सेंड इट टिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवारच्या आधी पाठवणार नाही, शुक्रवारी पाठवीन. 'आय वोन्ट बी एबल टू सेंड इट बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवारची मुदत पाळता येणार नाही. मग कधी पाठवणार, ते यात सांगितलेलंच नाही. दुसऱ्याच्या जागी पहिलं वाक्य गेलं, तर ग्राहक शुक्रवारी तुमच्या मेलची वाट बघत बसेल.

आणखी एक. 'बाय फ्रायडे'मध्ये शुक्रवार धरला जातो, 'बिफोर फ्रायडे'मध्ये धरला जात नाही. तिथं मुदत गुरुवारीच संपते. पैशाचा किंवा निविदेचा मामला असेल तर 'ऑन ऑर बिफोर' लिहून पुढे तारीख आणि वेळ द्या. मग वादाला जागा उरत नाही. आणि 'पुण्यापर्यंत' सांगायला 'टिल पुणे' नको, 'ॲज फार ॲज पुणे' किंवा 'अप टू पुणे' लिहा. 'टिल' वेळेचा शब्द आहे, अंतराचा नाही.

प्रश्न : मुलाखतीत मी 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' असं म्हणाले. नंतर कळलं की चुकलं. नेमकं काय चुकलं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोन गोष्टी चुकल्या आणि दोन्हींचं मूळ 'मी इथं पाच वर्षांपासून काम करतेय' या मराठी वाक्यात आहे.

पहिली गोष्ट 'पासून'. 'सिन्स'च्या पुढे जिथून सुरुवात झाली तो क्षण यावा लागतो : २०१९, सोमवार, जून, लहानपण. किती काळ ते सांगायचं असेल तर 'फॉर' : पाच वर्षं, दोन तास, बरेच दिवस. ओळखायचं कसं? 'पासून' काढून टाका आणि आधी 'गेली' लावा. 'गेली पाच वर्षं मी इथं काम करतेय' हे वाक्य उभं राहतं, म्हणून 'फॉर'. 'गेली २०१९ मी काम करतेय' असं कुणी म्हणत नाही, म्हणून 'सिन्स'. 'गेल्या सोमवारपासून' या प्रयोगाने फसू नका. तिथला 'गेल्या' कोणता सोमवार एवढंच सांगतो, 'पासून' काढला की वाक्य कोसळतं. म्हणून तिथंही 'सिन्स'च.

दुसरी गोष्ट काळ. मराठीत 'करतेय' हा वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत मागे सुरू होऊन आजही चालू असलेल्या कामाला 'हॅव बीन' लागतं. तेव्हा 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स'. मुलाखतीला जाण्याआधी हे वाक्य स्वतःच्या वर्षांसह मोठ्याने म्हणून जिभेवर बसवा, कारण हा प्रश्न हमखास येतो.

पुढे सुरू होणाऱ्या गोष्टीला मात्र 'फ्रॉम'. 'सोमवारपासून शाळा आहे' हे 'फ्रॉम मंडे', 'सोमवारपासून ताप आहे' हे 'सिन्स मंडे'.

प्रश्न : गृहकर्जाच्या पत्रात 'प्रिन्सिपल' हा शब्द एकाच पानावर दोन स्पेलिंगांनी आलाय. छपाईची चूक आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बहुधा नाही. कर्जाच्या पत्रात दोन्ही शब्द येतात. मुद्दल या अर्थाच्या शब्दाच्या शेवटी पी-ए-एल असतं. 'इन प्रिन्सिपल' मंजुरी, म्हणजे तत्त्वतः मंजुरी, यात शेवटी पी-एल-ई. पत्रात उलटं दिसलं तर ती चूक. संगणकातला स्पेलिंग तपासनीस दोन्ही शब्द बरोबर धरतो, म्हणून अशा चुका बऱ्याचदा तशाच छापल्या जातात.

नियम छोटा आहे : अर्थ 'तत्त्व' असेल तरच एल-ई. 'रूल' या शब्दाचा शेवटही एल-ईच आहे, त्यावरून लक्षात ठेवा. बाकी सगळीकडे, म्हणजे मुद्दल, प्राचार्य आणि 'प्रमुख' या विशेषणालाही, ए-एल.

प्रश्न : 'लायसन्स'मध्ये सी की एस? (एक वाचक, अकोला)

उत्तर : भारतात आपण ब्रिटिश पद्धत पाळतो : नाम असेल तर शेवटी सी, क्रियापद असेल तर एस. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात 'ड्रायव्हिंग लायसन्स' सी घालून लिहिलंय, पण चालकांना परवाना देण्याच्या प्रकरणाच्या शीर्षकात 'लायसन्सिंग' एस घालून आहे. 'प्रॅक्टिस'चंही तेच. अमेरिकेत मात्र 'लायसन्स' सगळीकडे एसने आणि 'प्रॅक्टिस' सगळीकडे सीने लिहितात, त्यामुळे फोनमधली भाषा अमेरिकी ठेवली असेल तर बरोबर स्पेलिंगखालीही लाल रेघ येते. घोळ झाला तर 'ॲडव्हाइस' आणि 'ॲडव्हाइझ' आठवा. तिथं उच्चारच वेगळा आहे : नाम 'स'ने संपतं आणि सीने लिहितात, क्रियापद 'झ'ने संपतं आणि एसने लिहितात. सल्ले कितीही असले तरी 'ॲडव्हाइसेस' लिहू नका, या अर्थी त्याचं अनेकवचन होत नाही.

प्रश्न : माझा नववीतला मुलगा 'हरवणं' या अर्थी 'लूज' नेहमी दोन ओ घालून लिहितो. किती वेळा सांगितलं तरी तेच. (एक पालक, सातारा)

उत्तर : मुलाला बोल लावू नका, त्याचा तर्क सरळ आहे. 'चूझ'मध्ये त्याच उच्चाराला दोन ओ आहेत, मग इथं का नसावेत? शिवाय मराठीत आपण 'लूज मोशन', 'लूज कनेक्शन' म्हणतो तेव्हा सैल आणि हरवणं हे दोन्ही शब्द एकसारखेच उच्चारतो. इंग्रजीत सैल या अर्थाचा शब्द 'लूस' आहे, 'गूस'सारखा, आणि त्यात दोन ओ. हरवणं या अर्थाचा 'लूझ', एक ओ. आधी उच्चार वेगळे करा, मग स्पेलिंग. हलणारा दात 'लूस टूथ', तो पडला की 'लॉस्ट टूथ'. 'लॉस्ट'मध्ये एकच ओ आहे, तसाच तो 'लूझ'मध्येही. आठवडाभर रोज चार-पाच वाक्यं तुम्ही वाचा, त्याला लिहू द्या, पण वाचताना 'स' आणि 'झ' स्पष्ट उच्चारा.

प्रश्न : 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' यांत फरक काय? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : 'अफेक्ट' क्रियापद, 'इफेक्ट' नाम, एवढं बहुतेक ठिकाणी पुरतं. आपल्याकडे जास्त चुकतो तो पुढचा शब्द. 'पावसाचा पिकावर परिणाम झाला' यातला 'वर' मनात असतो, म्हणून 'द रेन अफेक्टेड ऑन द क्रॉप' असं लिहिलं जातं. 'अफेक्ट'ला 'ऑन' लागत नाही : 'द रेन अफेक्टेड द क्रॉप'. 'ऑन' हवा असेल तर 'इफेक्ट' वापरा : 'द रेन हॅड ॲन इफेक्ट ऑन द क्रॉप'. 'इफेक्ट' क्रियापद म्हणूनही येतो, पण तेव्हा अर्थ 'घडवून आणणं' असा असतो, जसं 'इफेक्ट अ चेंज'. सरकारी आदेशात 'विथ इफेक्ट फ्रॉम १ एप्रिल' दिसतं, तिथंही 'इफेक्ट'च. त्याचा अर्थ १ एप्रिलपासून लागू.