वाचकांचे प्रश्न : मलमाचा वास आणि तंबाखूची डबी

प्रश्न : माझा मुलगा शिक्षणासाठी अमेरिकेत टेनेसी राज्यात राहतो. त्याचा तिथला एक मित्र खालच्या ओठामागे ओली तंबाखू धरून ठेवतो आणि त्या डबीला आपल्याकडच्या कंबरदुखीच्या मलमासारखा वास येतो, असे मुलगा सांगतो. या वासाला ‘विंटरग्रीन’ म्हणतात आणि तिकडे तो फार लोकप्रिय आहे म्हणे. याउलट त्यांच्याच वर्गातला एक स्वीडिश विद्यार्थी स्वतः ओठामागे तंबाखू ठेवणारा असूनही या वासाने तोंड फिरवतो. व्यसन एकच असताना चवीत एवढा फरक कसा पडतो? शिवाय हे तेल औषधी असल्यामुळे ती तंबाखू कमी बाधते, असे तो मित्र म्हणतो. त्यात काही तथ्य आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या मुलाच्या नाकाने अचूक ओळखले आहे. त्या डबीतला वास आणि आपल्या घरातल्या मलमाचा वास एकाच द्रव्याचा आहे आणि त्या द्रव्याचे नाव मिथाइल सॅलिसिलेट. पूर्व अमेरिकेच्या जंगलांत जमिनीलगत पसरणारे, लाल फळे धरणारे विंटरग्रीन नावाचे एक बुटके झुडूप आहे. त्याच्या पानांत हे द्रव्य सापडते आणि तिथल्याच एका जातीच्या बर्च झाडाच्या सालीतही सापडते. या झुडपाची अगदी जवळची एक जात आपल्याकडे नीलगिरीत आणि मेघालयाच्या डोंगरांत वाढते व तिच्या तेलाला आपण गंधपुरा तेल म्हणतो. ‘मूव्ह’च्या ट्यूबवरची घटकद्रव्ये वाचून पाहिलीत, तर हे नाव दिसेल. उटीच्या बाजारात नीलगिरी तेलाशेजारी ज्या बाटल्या मांडलेल्या असतात, त्यांतही हे तेल असते. उद्योगांत वापरले जाणारे बहुतेक मिथाइल सॅलिसिलेट मात्र आता कारखान्यात बनवलेले असते.

वास एकच असला तरी तो कोणाला प्रथम कुठे भेटला, यावर त्याची आवडनिवड ठरते, असे मला वाटते आणि या मताला आधारही आहे. 1966 साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मिथाइल सॅलिसिलेटचा वास लोकांनी नावडत्या वासांत घातला, तर 1978 मधल्या एका अमेरिकी पाहणीत त्याच वासाला सर्वांत सुखद वासांत स्थान मिळाले. मानसशास्त्रज्ञ याचा उलगडा असा करतात, की ब्रिटनमधल्या त्या पिढीला हा वास चोळायच्या औषधांतून, म्हणजे दुखण्याच्या सोबतीने माहीत झाला होता. अमेरिकी मुलाला तो खाऊतून माहीत होतो. पेन्सिल्व्हेनियात या झुडपाच्या चवीचे गुलाबी आइस्क्रीम मिळते. च्युइंगगममध्ये, रूट बिअर नावाच्या गोड पेयात आणि ‘लाइफ सेव्हर्स’च्या गोळ्यांतही ही चव असते. अंधाऱ्या खोलीत आरशासमोर तोंड उघडे ठेवून ती गोळी दाताखाली कडकन फोडली की निळसर ठिणगी चमकते. साखरेचे स्फटिक मोडताना जो क्षीण, बराचसा अदृश्य प्रकाश बाहेर पडतो, तो शोषून मिथाइल सॅलिसिलेट त्याचे दिसणाऱ्या निळ्या प्रकाशात रूपांतर करते. अमेरिकेत कित्येक मुले हा खेळ खेळलेली असतात. त्यांच्यापैकी एखाद्याने पुढे विंटरग्रीनची तंबाखू हाती घेतली, तर तिचा वास त्याच्या ओळखीचा असतो. परकी असते ती फक्त तंबाखू.

कंपन्यांनी नेमका याच ओळखीचा उपयोग करून घेतला. बारीक कापलेल्या या ओल्या तंबाखूचा कोपनहेगन हा जुना अमेरिकी ब्रँड 1822 मध्ये पिट्सबर्गला सुरू झाला आणि योगायोग असा, की स्वीडनमधला एट्टान हा तितकाच प्रसिद्ध ब्रँडही त्याच सालचा. कोपनहेगनचे नाव डेन्मार्कच्या राजधानीवरून आलेले आणि त्याचे बरेचसे गिऱ्हाईकही उत्तरेकडचे : मिनेसोटा आणि आसपास वसलेल्या स्कँडिनेव्हियन मजुरांना ही तंबाखू इतकी प्रिय होती, की मिनियापोलिसमधल्या त्यांच्या वस्तीच्या रस्त्याला लोक ‘स्नूस बुलेव्हार्ड’ म्हणत (‘स्नूस’ म्हणजे ओठामागे ठेवायच्या तंबाखूचे स्वीडिश नाव). त्यांना तंबाखूची खारट, करपट चवच हवी असे. विंटरग्रीन आले ते 1934 मध्ये, ‘स्कोल’ या ब्रँडबरोबर. गंमत म्हणजे हे नाव पेला उंचावताना स्कँडिनेव्हियात म्हणतात त्या शब्दावरून घेतलेले, पण आतली चव अस्सल अमेरिकी. दक्षिणेत तेव्हा कोरडी तपकीर दातहिरड्यांना लावण्याची चाल होती आणि त्यात स्त्रिया पुष्कळ असत. शिवाय काकवी व ज्येष्ठमधाने गोड केलेल्या पानाच्या तंबाखूचे तोबरे भरले जात. या दोन्हींचा जोर ओसरत गेला तशी ओली तंबाखू पसरली. ‘ग्रिझली’ हा स्वस्त ब्रँड 2001 मध्ये आला आणि त्याचा विंटरग्रीन प्रकार भरपूर खपला. एवढेच कशाला, मूळ चवीचा अभिमान मिरवणाऱ्या कोपनहेगननेही 2009 मध्ये विंटरग्रीन काढले. वेस्ट व्हर्जिनिया, वायोमिंग अशा राज्यांत, म्हणजे खाणी, शेती आणि गुरांच्या मुलखांत, ओठामागच्या तंबाखूचे प्रमाण देशात सर्वाधिक आढळते. काम करताना हात मोकळे राहतात आणि आगीची भीती नसते, हे त्याचे एक साधे कारण.

आता तो स्वीडिश विद्यार्थी. त्याच्या ‘स्नूस’मध्ये बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचा, ज्युनिपरच्या फळांचा किंवा ज्येष्ठमधाचा वास असतो. स्वीडनमध्ये ही तंबाखू वाफेवर तापवून तयार करतात. अमेरिकेत ती आंबवतात आणि तिच्यातली काही पाने धुरीवर वाळवलेली असतात, त्यामुळे धुरकट, उग्र वासावर मात करायला तितकाच उग्र सुगंध लागतो. विंटरग्रीनला ते साधते. ही गोष्ट स्वीडिश कंपन्यांना चांगली ठाऊक आहे. ‘जनरल’ हा त्यांचा बर्गमॉटच्या वासाचा ब्रँड अमेरिकेत नेताना त्यांनी त्याचा विंटरग्रीन प्रकारही बाजारात आणला आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2019 मध्ये ज्या आठ ‘जनरल’ स्नूसना सिगारेटपेक्षा कमी जोखमीचे म्हणून विकायची परवानगी दिली, त्यांत तो होता. बाकीच्या युरोपात ही चव रुजण्याचा प्रश्नच उरला नाही, कारण युरोपीय संघाने 1992 मध्ये अशा तंबाखूच्या विक्रीवर बंदी घातली आणि 1995 मध्ये संघात येताना सवलत मिळवली ती एकट्या स्वीडनने.

महाराष्ट्रात हा वास तंबाखूत का आला नाही, हे आपण विचारलेले नाही, पण उत्तर याच ओघात येते. तळहातावर चुना लावून मळलेला बार असो, विदर्भातला सुपारीचा खर्रा असो की भाजून दाताला लावायची मिश्री असो, आपल्याकडच्या या प्रकारांत चव तंबाखूची, चुन्याची किंवा सुपारीची असते आणि सुगंध हवाच असेल तर तो जर्द्यातून, वेलदोडा, केवडा, गुलाब अशा पानाच्या तबकातल्या वस्तूंचा येतो. ज्या वासाने आजीचे गुडघे आठवतात, तो विड्यात कोण घालील?

मित्राच्या दाव्यात मात्र तथ्य नाही. आपला चुना जे काम करतो, तेच काम त्या डबीत सोडियम कार्बोनेटसारखे क्षार करतात : तंबाखू अल्कधर्मी झाली की निकोटिन मोकळे होऊन हिरडीतून झपाट्याने रक्तात जाते. विंटरग्रीन त्यात काहीही सौम्य करत नाही, फक्त जळजळ झाकते. कंपन्यांच्या अंतर्गत कागदपत्रांतून उघड झालेले धोरणही असेच होते, की नवख्याला आधी सौम्य, सुगंधी प्रकार द्यायचा आणि पायरीपायरीने त्याला कडक तंबाखूपर्यंत न्यायचे. खुद्द तेलाबद्दल सांगायचे तर मिथाइल सॅलिसिलेट ॲस्पिरिनच्या नात्यातले आहे आणि शुद्ध तेल चमचाभर जरी पोटात गेले तरी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. 2010 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका तपासणीत असे दिसले, की दिवसाला 15 ग्रॅम विंटरग्रीन तंबाखू वापरणाऱ्याच्या वाट्याला या द्रव्याच्या मान्य दैनंदिन मात्रेच्या सुमारे 12 पट मात्रा येऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था धूरविरहित तंबाखूला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवते आणि त्यात चवीनुसार कुणाला सूट नाही.

प्रश्न : आम्ही बोस्टनजवळ राहतो. इथल्या दुकानांत विंटरग्रीन तंबाखू दिसत नाही, पण शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये ती राजरोस मिळते. असे का?
— एक वाचक, मॅसॅच्युसेट्स

उत्तर : मॅसॅच्युसेट्सने 2019 मध्ये कायदा करून 1 जून 2020 पासून सर्व चवीच्या तंबाखूची किरकोळ विक्री थांबवली आणि त्यात मेन्थॉल सिगारेटीबरोबर विंटरग्रीनही गेले. न्यू हॅम्पशायरने तसा कायदा केलेला नाही. कॅलिफोर्नियातही 2022 च्या डिसेंबरपासून अशी बंदी आहे. याउलट न्यूयॉर्क शहराने 2009 मध्ये चवीच्या तंबाखूवर निर्बंध आणले, तेव्हा मेन्थॉल, पुदिना आणि विंटरग्रीन या तिघांना वगळले होते. चेरीला बंदी आणि विंटरग्रीनला मोकळीक, हा भेद आरोग्याच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. जी चव सर्वाधिक खपते तिला हात लावायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ मला लागतो.