पश्चिमेची भिंत आणि चार इंचांची फट

प्रश्न : आमचं नागपूरला स्वतंत्र घर आहे. उन्हाळ्यात पश्चिमेची भिंत रात्री अकरापर्यंत तापलेली असते, एसी थांबतच नाही. एक विक्रेता म्हणतो, भिंतीपासून चार इंच सोडून सोलर पॅनेल लावा. वीज तर मिळेलच, वर एसीचं बिल निम्म्यावर येईल. खरं मानायचं का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : वीज मिळेल. बिल निम्म्यावर येईल हे विसरा.

नऊ इंची विटांच्या भिंतीतून उष्णता आत पोचायला सात-आठ तास लागतात. चार वाजताचं ऊन अकरा वाजता तुमच्या उशाशी येतं ते असं. समोर पॅनेल उभं राहिलं की ते ऊन पॅनेलवरच अडतं. त्यातला साधारण पाचवा हिस्सा विजेत जातो, उरलेलं बहुतेक पॅनेल तापवण्यात. मागची फट खाली-वर उघडी असेल तर तापलेली हवा धुराड्यासारखी वर निघून जाते आणि खालून नवी येते. त्यात पॅनेलचाही फायदा आहे : 25 अंशांच्या वर दर अंशाला ते 0.3 ते 0.4 टक्के वीज गमावतं. भिंतीला चिकटवलेलं पॅनेल 20 अंशांनी जास्त तापलं, तर सहा-आठ टक्के गेलेच. फट वरून सिमेंटने बुजवणारे कारागीर मी पाहिलेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता हिशेब. तुमची भिंत अडीचशे चौरस फुटांची धरू. फटीमुळे बाहेरचा पृष्ठभाग दहा अंशांनी कमी तापला आणि हे रोज पाच तास चाललं, तर आत येणारी उष्णता दोन-सव्वादोन युनिटांनी घटते. एसी एक युनिट खाऊन तीन युनिट उष्णता बाहेर फेकतो. म्हणजे बचत पाऊण युनिट, तीही उन्हाळ्यातल्या दिवसाची. स्लॅबमधून, खिडकीतून येणारी उष्णता आहे तिथेच आहे.

आणि एवढी बचत पॅनेलशिवायही होते. माझ्या पश्चिमेच्या भिंतीपुढे मी चार इंच सोडून अँगलवर साधा पांढरा पत्रा लावला आहे. मे महिन्यात पाच वाजता थर्मामीटर लावून पाहिला : उघडी भिंत 56 अंश, पत्र्यामागची 46. आमच्या घरी ह्या पत्र्याला ‘भिंतीची छत्री’ म्हणतात. वाळ्याची ताटी दारात लावणाऱ्या नागपूरकराला ह्यात नवल वाटू नये.

पॅनेल मात्र गच्चीवर चढवा. तिथे 3 किलोवॉट रोज सरासरी बारा युनिट देतात, पश्चिमेच्या भिंतीवर उभे केले तर जेमतेम निम्मे. दक्षिणेची भिंत सुचवली तर तीही नको : 26 मेच्या सुमारास नागपुरात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर असतो, त्या भिंतीला ऊन लागतं ते हिवाळ्यात.

प्रश्न : आमची ठाण्याची इमारत बावीस मजली, गच्ची पाण्याच्या टाक्यांनी भरलेली. भिंतीवर पॅनेल लावायचा विचार आम्हीही सोडावा का? फटीत कबुतरं शिरतील, ही सभासदांची भीती.
– सोसायटीचे एक सचिव

उत्तर : तुमचं गणित वेगळं. गच्ची चिमूटभर आणि भिंत एकरभर असेल तर भिंतीवरच जावं लागतं. नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरने चारही भिंती पॅनेलनी मढवल्या आहेत. पण खर्च जमतो तो बाहेरचं आवरण नाहीतरी बदलायचं असतं तेव्हा. मँचेस्टरच्या सीआयएस टॉवरच्या मोझेक फरशा निखळत होत्या. 2005मध्ये तिथे सात हजारांवर पॅनेल लागली. तुमचा गिलावा पुढच्या वर्षी काढायचाच असेल तर विचार करा, धडधाकट असेल तर राहू द्या.

कबुतरांपेक्षा आगीला भ्या. हवा वर नेणारी फट ज्वाळाही तितक्याच आवडीने वर नेते. मागे जळणारं काहीही नको, आणि मजल्यागणिक आग अडवणारी पट्टी आराखड्यात दाखवल्याशिवाय सही करू नका.

कबुतरांसाठी खाली आणि वर, दोन्हीकडे अर्ध्या इंचाची जाळी. मी वरच्या बाजूला कंजुषी केली होती. पहिल्याच पावसाळ्यात खारीने पत्र्यामागे घर केलं, आणि त्यातला कापूस आमच्याच गादीचा निघाला.