टाकीतला मासा येतो कुठून?

बारावी विज्ञान झालंय. मत्स्यालयात काम करायचं स्वप्न आहे. प्राणिशास्त्र घेऊ की मत्स्यशास्त्र?

मत्स्यशास्त्र. बी.एफ.एस्सी. ही त्याची पदवी चार वर्षांची, रत्नागिरीजवळ शिरगावला, नागपूरला आणि उदगीरला महाविद्यालयं आहेत. पदव्युत्तरसाठी वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यकी शिक्षण संस्था. प्राणिशास्त्रात मासा कळतो, इथे तो जगवायला शिकता. मात्र पाणबुड्याचा पोशाख डोळ्यांसमोर असेल, तर तो जरा बाजूला ठेवा. मत्स्यालयातला दिवस अमोनिया तपासण्यात, फिल्टर धुण्यात आणि नवा मासा आठवडेच्या आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून रोगराई पाहण्यात जातो.

घरी क्लाऊनफिश पाळायचाय. तो समुद्रातून ओरबाडून आणलेला असतो का?

गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक शेततळ्यांत वाढलेले असतात. खाऱ्या पाण्यातले अजूनही बहुतांश प्रवाळांतून पकडलेले. क्लाऊनफिश हा सुखद अपवाद, त्याची पैदास हॅचरीत, म्हणजे अंडी उबवून पिल्लं वाढवायच्या केंद्रात होते. मादी टाकीतल्या कौलाच्या तुकड्याला नारिंगी अंडी चिकटवते, नर पंखाने वारा घालत राखण करतो. आठवडाभराने अंड्यांत चंदेरी डोळे चमकायला लागले की समजायचं, आज-उद्या फुटणार, आणि तेही दिवे मालवल्यावर. खरी कसोटी त्यानंतर. पिल्लाचं तोंड एवढंसं की त्यात फक्त रोटिफर नावाचे सूक्ष्म जलजीव मावतात. म्हणजे माशाआधी रोटिफर वाढवा, रोटिफरांसाठी हिरवं शेवाळ वाढवा. बाटलीतलं शेवाळ एका रात्रीत मेलं की तिसऱ्या दिवशी टाकीच्या तळाशी पिल्लांचा खच! हे ज्याने स्वतः झाडलंय, त्याला मासे विकत घेताना घासाघीस करवत नाही. ब्लू टँग या निळ्या समुद्री माशाची पिल्लं तर बंदिस्त पाण्यात जगवायला २०१६ साल उजाडलं, फ्लोरिडात. तेव्हा दुकानदाराला आधी विचारा, मासा हॅचरीतला की पकडलेला.

मत्स्यशेती वाढली की समुद्रावरचा ताण आपोआप कमी होईल ना?

आपोआप काही नाही. मांसाहारी मासा वाढवायचा तर त्याच्या खाद्यात फिशमील, म्हणजे माशांचा वाळवलेला चुरा लागतो, आणि तो तारलीसारख्या छोट्या माशांचाच. देशाच्या पूर्व किनाऱ्यावर कोळंबीच्या तळ्यांनी जे नुकसान केलं, त्यावर १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. कांदळवन तोडून तळं खणायचं म्हणजे माशांची बालवाडी पाडून खानावळ काढण्यासारखं. याउलट सिंधुदुर्गातल्या खाड्यांत शिणाणे आणि कालवं हे शिंपले वाढवतात, त्यांना खाद्यच घालावं लागत नाही. पाणी गाळून त्यातलं शेवाळ खातात. मला विचाराल तर अनुदानाचा पहिला रुपया तिथे जावा. रायगडच्या खारपट्ट्यातला जिताडा मलाही जीव की प्राण, पण तोही मासेच खातो.

मालवणला किनाऱ्यावर पोवळ्याचा तुकडा सापडला. टाकीत ठेवू?

नको. दगडी पोवळी, समुद्रघोडे यांना वन्यजीव कायद्याचं वाघाइतकंच संरक्षण आहे, आणि तुकडा मेलेला असला तरी कायदा लागू होतो. फोटो काढा, होता तिथेच ठेवा. टाकीत बाजारातला साधा दगड चालतो. क्लाऊनफिशला तेवढं पुरतं.