कोलकात्यात पहिलं बंगाली नाटक बघायचंय?

भाषा येत नाही म्हणून अजिबात बिचकू नकोस. रवींद्र सदन मेट्रोला उतर, तिथून अकादमी ऑफ फाइन आर्ट्सचं नाट्यगृह चालत गाठता येतं. सुरुवात तिथूनच कर. डिसेंबरात जमलं तर नांदीकार या नाट्यसंस्थेचा राष्ट्रीय नाट्यमहोत्सव बघच. १९८४ पासून तो भरतोय आणि इतर भाषांतली नाटकंही तिथे येतात. आगामी प्रयोगांच्या जाहिराती आनंदबाजार पत्रिका या बंगाली दैनिकात असतात, तेवढ्यापुरती बंगाली अक्षरं शिकून घे.

गोष्ट आधी कुणाकडून तरी ऐकून जा. मी पहिल्यांदा न ऐकताच गेले आणि अर्धा अंक शब्दांमागे धावण्यातच गेला. नंतर नुसते आवाज ऐकायला लागले, तेव्हा कुठे नटाचा थरथरणारा हात दिसला. जमलं तर पुढच्या रांगेतलंच तिकीट काढ.