रॅकेटला वजन लावायचं? आधी ग्रिप बघा

भाऊ, तुम्ही लिहिलंय की तुमची टेनिसची रॅकेट २८५ ग्रॅमची आहे, क्लबात जोरात सर्व्हिस करणारे दोघं-तिघं आल्यापासून रिटर्नला ती हातात फिरते, म्हणून टोकाला १० ग्रॅम लीड टेप (वजन वाढवायला लावतात ती शिशाची चिकटपट्टी) लावायचा विचार आहे. माझं सांगणं, टोकाला लावू नका, आणि एकदम १० ग्रॅम तर मुळीच नको.

रॅकेट हाताला किती जड जाते हे काट्यावरच्या आकड्यापेक्षा वजन कुठे बसलंय यावर ठरतं. स्विंगवेट म्हणजे फिरवताना रॅकेट किती जड जाते त्याचं माप. ते मोजताना मुठीच्या (हँडलच्या) बुडापासून १० सेंटीमीटरवरचा बिंदू धरतात आणि तिथून अंतराचा वर्ग करून वजनाने गुणतात. टोक तिथून साधारण ५८ सेंटीमीटर लांब. म्हणजे टोकाला १० ग्रॅम लावले की स्विंगवेट ३३च्या आसपास (किलो गुणिले सेंटीमीटरचा वर्ग या मापात) वाढतं. ३१५ची रॅकेट ३४८वर गेली की सुरुवातीचे गेम झकास जातात, चेंडू खोल पडतो. दुसऱ्या सेटला मात्र फोरहँड उशिरा यायला लागतो आणि खांदा बोलायला लागतो. तेच १० ग्रॅम मुठीत घातले तर स्विंगवेट जवळपास हलतही नाही.

आता फिरण्याबद्दल. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये धुळ्या-जळगावात पारा ४३-४४ला जातो, सकाळी सातलाच तळवा ओला असतो. गुळगुळीत झालेल्या ग्रिपवर कुठलीही रॅकेट फिरणारच. आधी नवी ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पातळ पट्टी) घाला. तिचं वजन ५ ग्रॅमच्या आसपास, तेही मुठीत, आणि मूठ थोडी जाड झाल्याने पकडही सुधारते. गटिंग (रॅकेटच्या तारा) जुनं असेल तर तेही बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. उन्हात उभ्या गाडीत रॅकेट ठेवत असाल तर ते आजच बंद करा. तिथे गटिंगचा ताण भराभर उतरतो.

एवढं करूनही फिरत असेल तर टेप लावा, पण कडेला. रॅकेटचं तोंड घड्याळासारखं धरून टोक म्हणजे १२ मानलं तर ३ आणि ९च्या जागी, फ्रेमच्या आतून, तारांच्या दोन्ही अंगांना समान पट्ट्या, प्रत्येक बाजूला मिळून २ ग्रॅम. स्विंगवेट ७-८ने वाढतं, पण चेंडू मधोमध न लागता कडेला लागला तरी तोंड कमी वळतं. पाव इंच रुंद टेप दर इंच लांबीला साधारण पाव ग्रॅम भरते. अंदाजाने कापू नका. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर दोन्ही बाजूंच्या पट्ट्या तोलून घ्या, मिलिग्रॅमपर्यंत कळतं.

दोन-तीन आठवडे तसंच खेळा. निकाल थकल्यावरच्या शेवटच्या अर्ध्या तासावरून लावा. तेव्हाही चेंडू वेळेत समोर घेता येत असेल तर आणखी १-१ ग्रॅम चालेल. उशीर होत असेल तर काढून टाका, टेप निघते.

शिसं विषारी आहे. लावल्यावर हात साबणाने धुवा, आणि घरात लहान मुलं रॅकेट हाताळत असतील तर टंगस्टनची टेप घ्या, महाग पडली तरी.