एका रेणूतून जाणारी विद्युतधारा प्रकाशाने का बदलते?

प्रश्न असा आहे: सोन्याच्या दोन टोकांमध्ये एकच रेणू अडकवला आणि त्यावर लेझर सोडला, तर धारा वाढते. मग रेणूने प्रकाश शोषला असं म्हणायचं का?

लगेच म्हणू नका. आधी उष्णतेवर संशय घ्या. लेझरने सोनं तापतं, प्रसरण पावतं आणि टोकं जवळ येतात. निर्वातातली टनेलिंग धारा, म्हणजे इलेक्ट्रॉन रिकामी फट ओलांडून जातात ती धारा, फट ०.१ नॅनोमीटरने कमी झाली तरी साधारण दसपट वाढते. मध्ये रेणू असला तर तो किंचित वाकतो, त्याची सोन्यावरची पकड बदलते, आणि तेवढ्यानेही धारा हलते. म्हणून प्रकाश झपाझप चालू-बंद करून बघतात. ही चालू-बंद वारंवारता वाढवत नेली की प्रसरणाला तेवढा वेळ मिळत नाही आणि त्याचा वाटा घटत जातो. ही तपासणी नसलेल्या निष्कर्षावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

उष्णता वगळल्यावरही रेणूने काही शोषलेलं असेलच असं नाही. प्रकाश म्हणजे अतिवेगाने उलटसुलट होणारं विद्युतक्षेत्र, आणि इतक्या अरुंद फटीत ते कितीतरी पटींनी तीव्र होतं. ते जणू टोकांवर जादा व्होल्टेज लावतं. धारा व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात नसेल, तर या उलटसुलट व्होल्टेजमधूनही एका दिशेची जादा धारा उरते. ती किती असावी हे धारा-व्होल्टेज आलेखाच्या वक्रतेवरून काढता येतं, आणि ती वक्रता अंधारात वेगळी मोजता येते. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या डग्लस नॅटेल्सन यांच्या गटाने २०१० मध्ये सोन्याच्या रिकाम्या फटीत हेच करून तिथलं क्षेत्र किती वाढतं ते मोजलं. फटीत रेणू नव्हताच, तरीही प्रकाशाने धारा मिळाली!

आता खुद्द रेणूकडे येऊ. प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर गेला की धारेला नवे मार्ग खुले होतात, हे खरं. पण एक नॅनोअँपिअर धारेत सेकंदाला सुमारे सहा अब्ज इलेक्ट्रॉन जातात, म्हणजे सरासरी ०.१६ नॅनोसेकंदाला एक. धातूला घट्ट चिकटलेल्या रेणूची उत्तेजित अवस्था याच्या कितीतरी आधी, बहुधा फेम्टोसेकंदांतच (फेम्टोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग), विझते. त्यामुळे हा परिणाम पकडणं फार कठीण असतं.

रेणूचा आकारच बदलला तर मात्र गोष्ट वेगळी. याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण म्हणजे डायअरिलइथीन हा रेणू. अतिनील प्रकाशात त्याचं मधलं वलय बंद होतं, इलेक्ट्रॉनांना सलग वाट मिळते आणि तो चांगला वाहक होतो. दृश्य प्रकाशात वलय उघडतं आणि वाट तुटते. २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या गटाने तो सोन्याच्या टोकांत बसवला. दृश्य प्रकाशाने वलय उघडलं, रोध मेगाओहमवरून गिगाओहमवर गेला, पण अतिनील प्रकाशाने वलय पुन्हा बंद होईना. द्रावणात दोन्ही दिशांनी चालणारी क्रिया सोन्याजवळ एकाच दिशेची झाली, कारण सोनं त्या उत्तेजित अवस्थेची ऊर्जा आधीच ओढून घेत होतं. २०१६ मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या श्वेफेंग ग्वो यांच्या गटाने सोन्याऐवजी ग्राफीन (कार्बनचा एकाच अणूच्या जाडीचा पत्रा) घेतलं आणि रेणूच्या दोन्ही बाजूंना मेथिलीन (CH₂) गट जोडून त्याला इलेक्ट्रोडपासून जरा सैल केलं. मग तो दोन्ही दिशांनी बदलू लागला आणि दोन अवस्थांमधल्या धारेत सुमारे शंभरपट फरक दिसला.

तुमच्याकडे वेळेनुसार धारा दाखवणारा आलेख असेल तर लेझर बंद झाल्यानंतरचा भाग आधी बघा. धारा लगेच मूळ जागी आली तर कारण उष्णता किंवा विद्युतक्षेत्र असण्याची शक्यता जास्त. ती अंधारातही टिकून राहिली आणि दुसऱ्या रंगाच्या प्रकाशानेच परतली, तर रेणूचा आकार बदलला असं म्हणायला आधार आहे. अझोबेंझीन हा प्रकाशाने आकार बदलणारा दुसरा रेणू असेल तर मात्र थोडी सवलत द्या, कारण त्याचं वाकलेलं रूप अंधारातही केवळ उष्णतेने हळूहळू सरळ होतं.